जाऊबाईंचा पत्ता

तेजल देवरेने स्वतः उभारलेल्या यंत्रणेतून तिच्याच आईचं नाव नाहीसं झालं, तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. जुडी अर्धी झाली होती. मोठी आई आपल्या खोलीतून हॉलमध्ये आली, आईकडे बघून जागच्या जागी थबकली आणि म्हणाली, "तुम्ही कोण? आत कोणी घेतलं तुम्हाला?"

आईला वाटलं, चेष्टा चाललीय. मोठी आई म्हणजे तिची थोरली जाऊ. दोघींचा जन्म एका घरात गेला होता आणि असल्या चेष्टा त्यांच्यात नेहमीच्याच होत्या. "मेथी चोरायला आलेय, अक्का," असं म्हणून आईने पुढची काडी उचलली.

दुसऱ्या मिनिटाला ती दाराबाहेर होती. मोठी आई कन्याशाळेतून पीटीच्या बाई म्हणून निवृत्त झालेली. सत्तरी ओलांडली तरी दंडात जोर होता. तिने आईला कोपराला धरून, एकही वावगा शब्द न बोलता बाहेर काढलं, दार लावलं, साखळी घातली आणि खिडकीत उभं राहून गळ्यातली शिट्टी अशी फुंकली की इंदिरानगरातली ती अख्खी सोसायटी गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली.

आईने शेजारच्या पगारेताईंच्या घरून फोन लावला. "तेजू, अक्कांनी मला घराबाहेर काढलं गं. ओळखलंच नाही मला. तुझं ते यंत्र होतं की कानात, तरी नाही ओळखलं."

तेजल अंबडच्या ऑफिसात होती. "चार्जिंग संपलं असेल, आई. घाबरू नकोस," ती म्हणाली आणि बोलता बोलताच तिने मोठ्या आईच्या यंत्राची स्थिती पडद्यावर उघडली. यंत्र ठणठणीत चालू होतं. सगळा घोळ त्यानेच केला होता.

त्या यंत्राचं नाव 'कुजबुज'. नाशिकच्या 'सांगावा' नावाच्या कंपनीने ते बाजारात आणलं आणि विसराळू म्हाताऱ्यांच्या घरांत दिवाळी झाली. त्यामागचा शोध साधा आणि सुंदर होता. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूत एक बारीकशी विद्युत लहर उठते. स्मृतिभ्रंशात माणसाचं नाव जातं, नातं जातं, पण ही लहर कितीतरी वर्षं उठत राहते. म्हणूनच तर ती म्हातारी माणसं आपल्याकडे बघून केविलवाणं हसतात. ओळखीचं आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. 'कुजबुज'मध्ये कानात बसणारा ज्वारीच्या दाण्याएवढा एक सेन्सर होता, तो ही लहर टिपायचा. चष्म्याच्या दांडीतला कॅमेरा चेहरा बघायचा. आणि लहर उठल्यावर पापणी लवायच्या आत यंत्र कानात नाव सांगायचं. त्या क्षणी सांगितलेलं नाव मेंदू बाहेरून आलेलं मानतच नाही. आपल्यालाच आठवलं, असं माणसाला वाटतं. तोच क्षण हुकला तर मात्र ते नाव म्हणजे कोणीतरी सांगितलेली नुसती माहिती होते.

यात एक मेख होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. त्या क्षणात जे सांगाल ते माणूस स्वतःचं म्हणून घेतो. खरं सांगा, खोटं सांगा. एकट्या म्हाताऱ्यांना लुबाडणारे भामटे काही कमी नसतात, म्हणून कंपनीने एक सुरक्षेचा नियम केला होता. समोरच्या चेहऱ्याची नोंद सापडली नाही, तर यंत्राने कुजबुजायचं, "अनोळखी व्यक्ती. सावध राहा."

नोंदी कुठे सापडतात आणि कुठे सापडत नाहीत, हे ठरवण्याचं काम तेजलचं. वेबवरच्या प्रत्येक गोष्टीला पत्ता लागतो, आणि तो तिरक्या रेघांनी पायऱ्यापायऱ्यांनी लिहितात. शाळा, रेघ, इयत्ता, रेघ, तुकडी, रेघ, विद्यार्थी. कोणता पत्ता आला की कोणतं दार उघडायचं, हे फ्रेमवर्कला, म्हणजे वेबच्या कामासाठी मिळणाऱ्या तयार सांगाड्याला, आधी सांगून ठेवावं लागतं. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, अशी हवी तितकी खोल उतरंड रचता येते. आणि उतरंड म्हटली की वरचं कोणी आणि खालचं कोणी हे आलंच.

ही उतरंड रचताना मोईन इनामदारने तिला अडवलं होतं. मोईन वयाने मोठा, कामात मुरलेला, आणि सावकाश बोलणारा. "तेजल, एका पायरीच्या खाली उतरू नको," तो म्हणाला होता. "ज्याला स्वतःची ओळख आहे त्याला स्वतःचा पत्ता दे. नाहीतर काखेत कळसा नि गावाला वळसा व्हायचा."

"मोईनभाई, ही कुरिअरची पार्सलं आहेत का?" तेजलने भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. "आपल्याकडे माणूस सुटा असतो कधी? लग्नात ओळख कशी करून देतात? हे आमच्या मामेसासऱ्यांचे साडू. नातं हाच आपल्याकडचा पत्ता आहे. तोच वापरू या."

सगळे हसले आणि तेजल जिंकली. खरं सांगायचं तर तिचं काम देखणं होतंच. यंत्र तो नात्यांचा पत्ता एका टोकाकडून वाचायचं आणि त्याचंच वाक्य करायचं. "तुमच्या यजमानांची धाकटी भावजय, सुरेखा." पहिल्यांदा मोठ्या आईने हे ऐकलं आणि आईकडे वळून म्हणाली, "सुरेखा, चहा टाक गं!" तेव्हा तेजल संडासात जाऊन रडून आली होती. त्या उतरंडीबद्दल कंपनीने तिला बक्षीसही दिलं.

आता पडद्यावर तिला तोच पत्ता दिसत होता. सुलोचना, रेघ, यजमान दौलत, रेघ, भावजय सुरेखा, रेघ, मुलगी तेजल. आणि दौलत या पायरीवर करडा रंग चढला होता. खातं बंद. त्याच्या पोटातलं सगळं बंद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दौलतराव म्हणजे मोठे बाबा. दिवाळीनंतर ते गेले होते. खातं त्यांच्या मुलाने, परागने, त्याच सकाळी बंगळूरुहून बंद केलं होतं. त्याला दोष देण्यातही अर्थ नव्हता. झालं होतं असं, की मोठ्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे मोठ्या आईची नजर गेली की यंत्र इमानेइतबारे सांगायचं, "तुमचे यजमान, दौलतराव." मग ती रोज त्यांचं ताट वाढायची आणि ते येईपर्यंत जेवायची नाही. भाकरी वाळून जायची. आईने परागला सांगितलं, बाबा, हे थांबव. परागने खातं उघडलं. पडद्यावर प्रश्न आला, 'या खात्याखालच्या सर्व नोंदी बंद होतील. पुढे जायचं?' असल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तेजल स्कूटर काढून इंदिरानगरला गेली. पगारेताईंच्या सोफ्यावर आई अर्धी मेथी पदरात घेऊन बसली होती. तेजलने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. साखळीच्या फटीतून मोठ्या आईचा अर्धा चेहरा दिसला.

हिच्याच मांडीवर तेजल वाढली होती. तिला धावायला हिनेच शिकवलं, हिच्याच शिट्टीवर ती शाळेच्या मैदानाला चकरा मारायची. मोठ्या आईने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी उमलायला लागलं, आणि पापणी लवायच्या आत ते मिटलं. तेजलला कळलं, कानात नेमकं काय सांगितलं गेलं ते. ते वाक्य लिहिताना तीही खोलीत होती.

"आम्हाला काही घ्यायचं नाही," मोठी आई सभ्यपणे म्हणाली. "आणि दुपारचं लोकांना त्रास देत जाऊ नका."

"मोठी आई, मी तेजू."

"संगीता!" मोठ्या आईने आत हाक मारली. "ह्या बाईंना फाटकापर्यंत सोडून ये."

संगीता ही दिवसभर कामाला असणारी मुलगी. तिची नोंद 'सुलोचना, रेघ, मदतनीस' अशी एकाच पायरीवर होती, म्हणून ती शाबूत होती. जन्मभराची जाऊ परकी आणि गेल्या वर्षी लागलेली संगीता घरची. संगीता बिचारी दारात आली आणि तेजलकडे बघून ओशाळली. तेजलने तिला खुणेनेच सांगितलं, तू आत थांब, त्यांच्याजवळ राहा.

खाली उतरेपर्यंत परागचा फोन आला. "तेजू, मला सोसायटीतून दोन फोन आले. आई शिट्ट्या मारतेय म्हणे. काकूंना बाहेर काढलं?"

"यंत्राची चूक आहे, पराग. माझी आहे. मी दुरुस्त करते."

"आज यंत्राची असेल. उद्या खरंच विसरली तर? काकूंचंही वय झालंय, त्यांना ढकललं, पडल्या तर काय करायचं? पुण्यात एका संस्थेत जागा मिळतेय. चांगली माणसं आहेत. मी शनिवारी येतो आणि रविवारी आईला घेऊन जातो."

"आणि माझी आई?"

"काकू तुझ्याकडे राहतील ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कठोरपणा नव्हता. तो थकला होता.

"शनिवारपर्यंत वेळ दे मला," तेजल म्हणाली. "त्या दिवशी तू स्वतः समोर बस. मोठ्या आईने माझ्या आईला ओळखलं नाही, तर मी पुण्याची बॅग भरून देते."

बोलून बसली खरी, पण तिला स्वतःची खात्री होती. आपण बांधलेलं आपल्याला सोडता येतं, असं तिला पहिल्यापासून वाटत आलं होतं.

ऑफिसात परत आल्यावर तिने मोईनला सगळं सांगितलं. तो "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणेल म्हणून तिने मनाची तयारी केली होती. मोईनने नुसती खुर्ची ओढली.

"दौलतरावांचं खातं परत चालू केलं तर?" त्याने विचारलं.

"मग फोटो पुन्हा बोलायला लागेल. मोठी आई पुन्हा ताट वाढून बसेल. मला तिला रोज विधवा करायचं नाही आणि रोज सवाष्णही करायचं नाही."

"मग आईला सुटा पत्ता दे."

"देणारच आहे. पण त्याआधी हे बघ." तिने मोठ्या आईच्या यंत्राच्या त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. सकाळपासून आई जितक्या वेळा समोर आली, तितक्या वेळा लहर उठली होती. चांगली उंच, ठसठशीत लहर. खातं बंद झाल्यानंतरही उठली होती. दाराच्या फटीतून तेजलला पाहिलं तेव्हाही.

मोईनने चष्मा वर सरकवला. "म्हणजे त्यांनी ओळखलं होतं."

"तिने ओळखलं होतं!" तेजल टेबलावर हात आपटून म्हणाली. "तिचा मेंदू सांगत होता, ही आपली आहे. आणि आपलं यंत्र तिच्या कानात बसून सांगत होतं, ही परकी आहे. तिने यंत्राचं ऐकलं, कारण तिला वाटलं तो आपलाच आवाज आहे. मोईनभाई, आपण विसरणाऱ्याला मदत करायला निघालो आणि आठवणाऱ्याला विसरायला लावलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती."

राग आला की तेजलचं काम फार भराभर व्हायचं. तिने आधी सुरक्षेचा नियम मोडला: लहर उठली असेल, तर नोंद सापडो न सापडो, यंत्राने 'अनोळखी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मेंदू हो म्हणत असेल तर यंत्राने गप्प बसायचं. मग तिने आपली ती बक्षीसपात्र उतरंड सोडवायला घेतली. प्रत्येक माणसाला स्वतःचा एक पत्ता, कोणाच्याही पोटात नसलेला. नाती राहतील, पण ती माणसांना जोडणाऱ्या दोऱ्या म्हणून. दोरी तुटली तरी माणूस जागेवर राहील. मोईन शेजारी बसून एकेक ओळ तपासत होता. पालक म्हणून परागची संमती घेऊन त्यांनी हे नवं रूप आधी फक्त मोठ्या आईच्या यंत्रावर चढवलं.

'सुरेखा' अशी नोंद करताना तेजलला एक जुनी गोष्ट आठवली. पहिल्यांदा यंत्र बसवलं तेव्हा तिने आईला विचारलं होतं, "मोठी आई तुला काय म्हणून हाक मारते?" आई उगाच लाजली होती आणि घाईने म्हणाली होती, "सुरेखा. आणखी काय म्हणणार?" तेव्हा तेजलने तेच लिहिलं होतं. आधार कार्डावरही तेच होतं.

शनिवारी पराग आला. तो आईच्या पायाशी बसला, तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि केस वाढलेत म्हणून रागावली. मुलाची नोंद पहिल्याच पायरीवर, त्यामुळे पराग कधी हरवलाच नव्हता. संगीताने चहा केला. तेजल कोपऱ्यात टॅब घेऊन बसली. मोठ्या आईच्या मेंदूतली लहर तिला पडद्यावर रेघेसारखी दिसत होती. लहर होती, आणि यंत्राने तेजलला परकी म्हटलं नाही. मोठी आई तिच्याकडे अधूनमधून कुतूहलाने बघत होती, एवढंच. तेजलने स्वतःची नोंद अजून भरली नव्हती. आधी आई.

आई दारात आली. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत मेथीची नवी जुडी. रिकाम्या हाताने जायला तिला नको वाटलं होतं.

लहर उठली. यंत्र वेळेवर कुजबुजलं, "सुलोचनाताई, ही सुरेखा. तुमची जाऊ."

मोठी आई घाबरली नाही. शिट्टीकडे हात गेला नाही. पण तिने कपाळाला आठी घालून इकडेतिकडे पाहिलं. "तुम्हाला सुलोचना हवीय का?" तिने आईला विचारलं. "ती इथं नाही राहत. पलीकडच्या जिन्यात बघा."

तेजलने पडद्याकडे पाहिलं. चेहरा दिसला तेव्हा लहर उंच होती. 'सुलोचना' हा शब्द आला तिथे रेघ सपाट. 'सुरेखा'ला सपाट. 'जाऊ'ला सपाट. यंत्र अगदी बरोबर तेच सांगत होतं, फक्त ज्या बाईला सांगत होतं ती बाई आता तिथे नव्हती. जुनं वाक्य 'तुमच्या यजमानांची' असं सुरू व्हायचं, त्या एका शब्दाला धरून ती इतके दिवस उभी होती. तेजलने फांद्या सगळ्या सरळ केल्या होत्या आणि खोडावर पाटी दुसऱ्याच झाडाची होती. पण खरी पाटी कोणती? कागदावर तर हेच नाव होतं.

"तेजू," पराग हळूच म्हणाला, "पुरे आता. तू खूप केलंस. खरंच."

तेजलने आईकडे पाहिलं. आई मोठ्या आईकडे बघत होती. मग तिने पिशवी खाली ठेवली.

"पराग, बाबा, तू जरा आत जा. पाणी आण मला," आई म्हणाली.

"संगीता आणेल ना, काकू."

"तू जा. आणि तिलाही आतच थांबव."

तो गेला. आई मोठ्या आईच्या समोर फरशीवर बसली, अगदी जवळ सरकली, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा मान वळवून बघितलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तारे."

टॅबवरची रेघ पडद्याच्या बाहेर गेली.

मोठ्या आईच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं तेजलने तिच्या अख्ख्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पीटीच्या बाईंचं नव्हे, पोरीचं. तिनेही आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि आईचा कान धरून म्हणाली, "निमे! हळू की जरा. म्हातारी झोपली का?"

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांची सासू जाऊन तेजलचं अर्धं वय झालं होतं.

"झोपली," आई म्हणाली. "केव्हाच झोपली."

"मग इतके दिवस कुठं उलथली होतीस? मी एकटीच इथं. लोक येतात, सुलोचना सुलोचना करतात. मला कंटाळा आला बाई."

नंतर ओट्याशी उभं राहून आईने तेजलला सगळं सांगितलं, तेही दोनदा मागे वळून बघत. सासूबाईंना घरातल्या सुनांची नावं एकाच अक्षरावरून हवी होती. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहितात ना, तसं पहिलीचं लिहिलं सुलोचना, दुसरीचं सुरेखा. पहिली माहेरची तारा, दुसरी निर्मला. "नवऱ्याला आवडलं, सासूला आवडलं, आम्हाला कोणी विचारलं?" आई म्हणाली. "मी नवी नवरी होते. दुपारी सगळे झोपले की रडायचे. मला कोणी सुरेखा म्हटलं की मी ओ द्यायचीच विसरायचे, आणि मग बोलणी खायचे. एक दिवस अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, तुझं खरं नाव काय गं? मी सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. मग म्हातारी झोपली की मी निमा आणि त्या तारा. जागी झाली की सुरेखा आणि अक्का. जन्मभर तसंच चाललं. तुझ्या बाबांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू लिहून घेत होतीस ना," आई म्हणाली. "लिहून घेणाऱ्याला का कोणी असलं सांगतं?"

तेजल हसली. इतकी वर्षं तिने मोठ्या आईपासून आईपर्यंत वाट काढली होती ती यजमानांवरून, भावावरून, कागदावरून. आणि या दोघी एकमेकींच्या कानाएवढ्या अंतरावर होत्या.

"आई, हे नाव मी यंत्रात घालू? मग कोणी नसलं, तू बाजारातून आलीस, तरी ती तुला चुकायची नाही. पण तुमचं गुपित आहे. नको म्हणालीस तर नाही घालणार."

आईने पुन्हा एकदा मागे वळून बघितलं. "ते यंत्र मोठ्याने बोलतं का?"

"नाही. तिच्या कानात. तिच्याशिवाय कोणाला ऐकू येत नाही."

"मग घाल," आई म्हणाली. "आम्हीही कानातच सांगायचो."

तेजलने ओट्यावर टॅब ठेवून मुळाचं नाव बदललं. सुलोचना पुसलं, तारा लिहिलं. मग आईचा पत्ता: निमा. वर कोणी नाही, मागे कोणी नाही. नात्याच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही, कारण त्या दोघींना तिथे काही लागत नव्हतं. मोईनला तिने निरोप पाठवला, की सोमवारी बसू या, प्रत्येक घराला एक नवा प्रश्न विचारायचाय: तुम्ही दोघंच असता तेव्हा एकमेकांना काय म्हणता? मोईनचं उत्तर लगेच आलं. 'माझी बायको मला जे म्हणते ते मी सांगणार नाही.'

आई बाहेर जाऊन पुन्हा मोठ्या आईजवळ बसली, तेव्हा पराग दोघींच्या समोर उभा होता. दोघींचं बोलणं चाललं होतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"आई," त्याने विचारलं, "मी कोण, सांग बरं?"

"असं काय विचारतोस? पराग ना तू?" मोठी आई म्हणाली आणि आईच्या कानाला लागली, "ह्याला काय झालंय गं?"

पराग खाली बसला. त्याने फोन काढला आणि पुण्याला सांगितलं की रविवारी ते येत नाहीत, जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. मग तो आपल्या काकूच्या पायाला हात लावायला वाकला. काकूने त्याच्या हातात मेथीची जुडी दिली आणि सोड म्हणाली, दोरा घट्ट बांधलाय मेल्याने.

तेजल अजून दाराच्या चौकटीत होती. टॅबवर शेवटची नोंद उघडी होती, तिची स्वतःची. नाव भरलेलं, नात्याचा रकाना रिकामा. पुतणी लिहावं तर यजमान आले, भाऊ आला. ताराला तर यजमानच नव्हते. कर्सर लुकलुकत होता आणि हुशार तेजल देवरेला स्वतःचा पत्ता लिहिता येत नव्हता.

मोठ्या आईचं लक्ष तिच्याकडे गेलं. रेघ उंच उठली. यंत्र सांगितल्याप्रमाणे गप्प बसलं.

"निमे," मोठ्या आईने हनुवटीने तेजलकडे खूण केली, "ही कोण गं?"

आईने वर पाहिलं. तिच्या तोंडावर मुलगी हा शब्द आला असणार, तेजलला तो दिसलाही. पण आई म्हणाली, "ही होय? ही आपलीच आहे."

तेजलने तेवढंच लिहिलं आणि नोंद जपून ठेवली. मग ती दाराबाहेर गेली, जिन्याशी थोडी थांबली, आणि परत आत आली.

मोठ्या आईने मान वर केली. कानात काय सांगितलं गेलं ते फक्त तिलाच ऐकू आलं.

"तेजू!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "उभी काय राहिलीस खांबासारखी? हात धू आणि बस इथं. आणि कोवळ्या काड्या टाकू नको, मागच्या वेळी सगळ्या टाकल्यास तू."